माऊसच्या मागावर विणलेलं कापड

दोस्तांनो, आज शाळेतून घरी आलात की गणवेशाचा शर्ट लगेच धुवायला टाकू नका. आधी एक भिंग शोधा. आजोबा पेपर वाचताना वापरतात ते चालेल, प्रयोगपेटीतलं चालेल. बाही खिडकीच्या उजेडात धरा आणि भिंगातून पाहा. दुरून सपाट दिसणारं कापड जवळून चक्क जाळी असते! उभे धागे आणि आडवे धागे. एक धागा दुसऱ्याच्या वरून जातो, मग बुडी मारून खालून जातो, पुन्हा वर येतो.

उभ्या धाग्यांना म्हणतात ताणा आणि आडव्यांना बाणा. माग कोणताही असो, खेड्यातला हातमाग असो की इचलकरंजीतला खडखडणारा यंत्रमाग, काम एवढंच. ताणा ताणून धरायचा आणि धोट्याने बाणा इकडून तिकडे, तिकडून इकडे न्यायचा.

आता तेच भिंग जरा संगणकाच्या पडद्याजवळ न्या. (फार वेळ नको हं, डोळे दुखतील.) तिथेही तुम्हाला बारीक बारीक घरं दिसतील. त्यांना पिक्सेल म्हणतात. उभ्या ओळी, आडव्या ओळी आणि प्रत्येक घरात एकेक रंग. काही सुचतंय का? कापड म्हणजे घरं आणि पडदा म्हणजेही घरंच. मग पडद्यावर कापड विणता येईल का?

येतं! आणि त्यासाठी चित्रकलेत पहिला नंबर असायला हवा असंही नाही. चौकटीची वही भरता आली की झालं.

घर भरा, घर सोडा

संगणक सुरू करायच्या आधी गणिताची चौकटीची वही काढा. घरी संगणक नसेल त्यांनीही काढा, कारण या लेखातलं अर्धं काम वहीतच होतं. नियम एकच. जिथे उभा धागा वर असेल ते घर भरायचं, जिथे आडवा धागा वर असेल ते रिकामं सोडायचं.

सगळ्यात सोपी ती साधी वीण. एक घर भरा, एक सोडा. पुढच्या ओळीत उलट करा. म्हणजे बुद्धिबळाचा पट झाला. तुमचा रुमाल, आजोबांचं धोतर, गादीवरची चादर, यातलं बरंचसं कापड या एका पटावर विणलेलं असतं. आणि गंमत म्हणजे तुम्हाला पूर्ण पट काढायची गरजच नाही. दोन घरं आडवी आणि दोन उभी, अशी चारच घरं पुरतात. ती पुन्हा पुन्हा शेजारी ठेवत गेलं की हवं तेवढं कापड तयार.

आता जीनची पँट आणा. दादाची, ताईची, कुणाचीही. नीट पाहा, तिच्यावर तिरक्या रेघा दिसतात ना? या विणीला ट्विल म्हणतात. वहीत चार घरं आडवी, चार उभी असा चौकोन आखा. पहिल्या ओळीत पहिली तीन घरं भरा, चौथं सोडा. दुसऱ्या ओळीत सोडलेलं घर एक पाऊल डावीकडे सरकवा. तिसऱ्या ओळीत आणखी एक पाऊल, चौथ्या ओळीत आणखी एक. सोडलेली घरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी उतरताना दिसतील. हीच ती तिरकी रेघ!

आता वहीकडे पाहून एक कोडं सोडवा. जीनचा उभा धागा निळा असतो आणि आडवा पांढरा. सोळा घरांपैकी बारा भरलेली, म्हणजे निळी. चारच पांढरी. म्हणून पँट बाहेरून निळी दिसते. मग आतून? जिथे निळा वर आहे तिथे पांढरा खाली आहे. म्हणजे आतल्या बाजूला बारा घरं पांढरी आणि चार निळी. पँट उलटी करून पाहा. पटलं?

जाता जाता सांगतो, जाड्याभरड्या कापडाच्या पँटला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात ना, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरी भागावरून गेला असं मानलं जातं. तिथून जाडं सुती कापड जहाजांवर चढायचं.

भोकांचे पत्ते

संगणकावर कापड विणायचं म्हटल्यावर कुणी म्हणेल, हे काय नवीन खूळ! पण खरं पाहिलं तर संगणकच मागाचा वारस आहे.

फ्रान्समधलं लियों हे शहर रेशमी कापडासाठी नावाजलेलं. तिथल्या जोझेफ मारी जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास एक माग पुढे आणला. तोपर्यंत नक्षीचं कापड विणताना कोणते उभे धागे उचलायचे, हे विणकराच्या हाताखालच्या माणसाला ओळीओळीला सांभाळावं लागे. हे काम बऱ्याचदा पोरंच करत. जॅकार्डने ते काम पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर सोपवलं. पत्त्यावर भोक असेल तिथला धागा वर उचलला जाई, भोक नसेल तिथला खालीच राही. एका पत्त्यात कापडाची एक ओळ. पत्ते एकमेकांना बांधून लांबलचक माळ केली की माग आपोआप नक्षी विणत जाई.

भोक आहे किंवा नाही. घर भरलेलं किंवा सोडलेलं. संगणकाची एक आणि शून्याची भाषा तरी याहून निराळी काय असते!

या पत्त्यांनी किती बारीक काम होऊ शकतं, हे बघायचं असेल तर जॅकार्डचंच रेशमात विणलेलं एक चित्र आहे. १८३९ साली ते लियोंमध्ये विणलं गेलं आणि त्याला जवळजवळ २४ हजार पत्ते लागले. लांबून पाहणाऱ्याला ते छापलेलं चित्रच वाटे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचा गणिती आकडेमोड करणारं यंत्र बनवायच्या खटपटीत होता. त्याने या चित्राची एक प्रत मिळवली होती आणि आपल्या यंत्रालाही असेच पत्ते लावायचं ठरवलं होतं. त्या यंत्रावर १८४३ मध्ये टिपणं लिहिणाऱ्या ॲडा लव्हलेसने तर यंत्राची तुलना थेट जॅकार्डच्या मागाशी केली. माग फुलंपानं विणतो, तसं हे यंत्र गणिताचे आकृतिबंध विणेल, असं तिचं म्हणणं होतं. बॅबेजचं ते यंत्र काही पुरं झालं नाही. पण भोकांचे पत्ते टिकले. १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने पत्तेच वापरले आणि पुढे विसाव्या शतकात कितीतरी वर्षं संगणकांना कामं सांगायची ती अशाच पत्त्यांवरून.

तेव्हा आपण काही वेडगळ उद्योग करत नाही आहोत. घरच्या घरी परत येतो आहोत, इतकंच.

चला, माग जोडूया

चित्रं करायच्या कार्यक्रमांमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव फोटोशॉप. पण ते विकत घ्यावं लागतं आणि महाग असतं. आपण वापरूया गिम्प. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं आणि १९९६ मध्ये ते सगळ्यांना मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत ते फुकट आहे आणि जगभरची माणसं त्यात भर घालत असतात. संगणकावर नसेल तर आईबाबांना विचारूनच घाला बरं का. अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, असं त्यांनाही सांगा.

गिम्प उघडलंत? आता नवीन चित्र घ्या. रुंदी ४ पिक्सेल, उंची ४ पिक्सेल. हो हो, चारच! पडद्यावर मुंगीएवढा ठिपका दिसेल. झूमने तो इतका मोठा करा की एकेक घर सुपारीएवढं दिसेल. ब्रश घेऊ नका, पेन्सिल घ्या. ब्रशच्या कडा मऊ असतात, त्याने रंग शेजारच्या घरात सांडतो. पेन्सिलचा आकार १. आता वहीतला जीनचा नमुना घराघराने उतरवा. बारा घरं गडद निळी, चार घरं मळकट पांढरी.

मळकट का? कारण दुधासारखा पांढरा धागा खऱ्या कापडात क्वचितच असतो. आणि निळाही शाईसारखा भडक नको. पँट पुढ्यात ठेवा आणि तिच्याकडे पाहून रंग जुळवा. डोळ्यांचा भरवसा धरा.

आता नमुना मोठा करायचा. इमेज मेनूत स्केल इमेज आहे. तिथे ४ च्या जागी ३२ लिहा. खाली इंटरपोलेशन नावाची ओळ दिसेल, तिथे ‘नन’ निवडा. हे विसरलात तर संगणक आपला शहाणपणा चालवतो आणि सगळ्या घरांच्या कडा पुसट करून ठेवतो. प्रत्येक घर आता ८ पिक्सेल रुंद आणि ८ पिक्सेल उंच झालं.

इथपर्यंत केलंत की थोडं लांब जाऊन पाहा. जीन दिसते का? नाही! बाथरूमच्या फरश्या दिसतात. सगळ्यांचंच असं होतं. रंग बरोबर, वीण बरोबर, तरी ते कापड वाटत नाही. का बरं?

धागा म्हणजे फरशी नव्हे

फरशी सपाट असते, धागा गोल असतो. गोल वस्तूवर उजेड पडला की मधला भाग उजळतो आणि कडा काळवंडतात. उसाचं कांडं आठवा. तेच आता आठ पिक्सेलच्या घरात करायचं.

उभ्या धाग्याचं घर घ्या. त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेची एकेक उभी ओळ गडद करा. मधल्या दोन ओळी थोड्या उजळ करा. आडव्या धाग्याच्या घरात हेच आडवं करायचं. वरची आणि खालची ओळ गडद, मधली उजळ. पेन्सिलने एकदा टिचकी मारा, मग शिफ्टची कळ दाबून धरून दुसऱ्या टोकाला टिचकी मारा. सरळ रेघ आपोआप येते.

आणखी एक बारकावा. निळा धागा तीन घरं सरळ येतो आणि मग पांढऱ्याच्या खाली बुडी मारतो. जिथे तो बुडतो तिथे सावली असणारच. तेव्हा पांढऱ्या घराला लागून असलेलं निळ्याचं टोक किंचित काळं करा. एवढ्याशा काळ्या रेघेने काय जादू होते, ते तुम्हीच पाहा. धागा खरोखर खाली गेल्यासारखा वाटतो!

आता कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, कंट्रोल आणि सी दाबून उचला. नवीन चित्र घ्या, ६४० पिक्सेल रुंद आणि ६४० उंच. (३२ ने पूर्ण भाग जातो म्हणून ६४०. भाग गेला नाही तर कडेला नमुना अर्धवट तुटतो.) बादलीचं हत्यार घ्या, त्याच्या पर्यायांत पॅटर्न निवडा. नमुन्यांच्या यादीत पहिलाच नमुना तुम्ही आत्ता उचललेला असेल. चित्रात टिचकी मारा. विणून झालं! विणकराला याच कामाला घाम गाळावा लागतो, तुम्हाला एक टिचकी. पण थांबा.

फार शहाणं कापड

हे कापड अजून खोटं वाटेल. कारण ते फार शहाणं आहे. प्रत्येक धागा दुसऱ्यासारखा, कुठे गाठ नाही, कुठे जाड-बारीक नाही. खऱ्या कापडात असं होत नाही. यंत्राने कातलेल्या सुतातसुद्धा थोडी जाडी-बारीकी असते, आणि खादीत तर असतेच असते, कारण तिचं सूतही हाताने कातलेलं आणि वीणही हाताची. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी पाहा. सणगर लोक ती विणतात. तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, धागा जाडाभरडा असतो, काळ्यात कुठेतरी तपकिरी आणि करडा केस चमकतो. घोंगडीचा पोत हाताला टोचतो तसा डोळ्यालाही टोचतो. तो टोचरेपणा पडद्यावर आणायचा कसा?

त्यासाठी संगणकाला थोडं वेंधळं बनवावं लागतं. कापडाच्या चित्रावर एक नवा लेअर टाका. लेअर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागद समजा. तो राखाडी रंगाने भरा. फिल्टर मेनूत नॉइज म्हणून एक भाग आहे, त्यात आरजीबी नॉइज घ्या. ‘इंडिपेंडंट आरजीबी’ समोरची खूण काढून टाका, नाहीतर रंगीबेरंगी मुरमुरे पडतील. आता कागदावर वाळू उडवल्यासारखं दिसेल. मग फिल्टरमधल्या ब्लरमध्ये जाऊन लिनियर मोशन ब्लर घ्या. लांबी ४०-५०, कोन ९०. वाळूच्या कणांच्या उभ्या रेघा होतील, काही जाड, काही फिकट. लेअरचा मोड ओव्हरले करा आणि लेअरची गडदाई कमी कमी करत आणा. खालची वीण दिसली पाहिजे आणि रेघाही जाणवल्या पाहिजेत.

जीनला उभ्याच रेघा द्या, कारण तिचा रंगीत धागा उभा असतो आणि विटतोही तोच. नीळ त्या धाग्याच्या आतपर्यंत मुरलेली नसते, बाहेरून चढवलेली असते. घासलं की आतला पांढरा गाभा दिसायला लागतो. म्हणून गुडघे आणि खिशाच्या कडा आधी पांढऱ्या पडतात. खादी करायची असेल तर असे दोन लेअर घ्या, एक उभा आणि एक आडवा, कोन शून्य. खादीत दोन्हीकडचे धागे सारखेच लहरी.

हा ‘वेंधळेपणा’ म्हणजे पोरखेळ समजू नका. केन पर्लिन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८२ च्या ‘ट्रॉन’ चित्रपटासाठी काम केलं होतं. संगणकाने काढलेली चित्रं फार यंत्रासारखी गुळगुळीत दिसतात, हे त्याला खटकत होतं. त्याने अशी एक गणिती युक्ती काढली की अव्यवस्थित पण नैसर्गिक वाटणारे डाग संगणक आपणहून तयार करेल. ढग, संगमरवर, लाकूड, कापड, सगळ्याला ती चालली. १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिच्यासाठी त्याचा गौरव केला. गिम्पमध्येही पर्लिन नॉइज आहे. धुऊन धुऊन कुठे विटलेलं, कुठे गडद राहिलेलं कापड त्याने फार छान जमतं.

तयार फिल्टरही आहेत हं. ‘ॲप्लाय कॅनव्हास’, ‘क्लॉथिफाय’, ‘वीव्ह’. एक टिचकी मारली की चित्र किंतानावर काढल्यासारखं दिसतं किंवा टोपलीसारखं विणलेलं. एकदा करून पाहा आणि सोडून द्या, असं माझं मत आहे. त्याने सगळ्या जगाचं कापड एकसारखं होतं. तुमच्या आजीच्या लुगड्याचा पोत त्यात सापडणार नाही. तो तिच्या लुगड्याला भिंग लावूनच सापडेल.

नाचरे पट्टे

एक अनुभव तुम्हाला नक्की येणार, म्हणून आधीच सांगतो. कापडाचं मोठं चित्र तुम्ही लहान करायला जाल आणि अचानक त्यावर वाकडेतिकडे पट्टे उमटतील. ते तुम्ही काढलेलेच नाहीत! टीव्हीवर बारीक रेघांचा शर्ट घातलेला माणूस हलला की शर्टावर लाटा नाचताना पाहिल्यात ना? तोच हा प्रकार. कापडाच्या धाग्यांची जाळी आणि पडद्याच्या पिक्सेलची जाळी, दोन्ही जवळजवळ सारख्या बारीक झाल्या की त्या एकमेकींत अडकतात आणि तिसरीच नक्षी दिसते. घरात मच्छरदाणी असेल तर तिची घडी करून दोन पदरांतून उजेडाकडे पाहा, हेच दिसेल.

या नक्षीला मॉयरे म्हणतात आणि गंमत अशी की हा शब्द मुळात कापडाचाच. पाण्याच्या लाटांसारखी झाक असलेल्या रेशमाला फ्रेंचमध्ये मॉयरे म्हणत. उपाय सोपा आहे. लहान करायच्या आधी चित्राला अगदी हलका ब्लर द्या. किंवा मुळातच किती मोठं चित्र हवं ते ठरवून मग धाग्याची जाडी ठरवा. समजा, छापायचं आहे आणि छपाई इंचाला ३०० ठिपक्यांची आहे. रुमालाच्या एका इंचात ६० धागे मोजलेत. मग एका धाग्याला किती पिक्सेल मिळतील? ३०० भागिले ६०, म्हणजे ५. आमच्या ८ पिक्सेलच्या धाग्याने मोठा, जाड पोत येतो, ५ च्या धाग्याने हुबेहूब रुमालाएवढा.

पडद्याला न जमणारं काम

आता जरा अवघड विणूया. दोन घरांची साधी वीण, पण उभा धागा लाल आणि आडवा हिरवा. घरं ८ पिक्सेलची असली तर लाल-हिरवे चौकोन दिसतात. घरं १ पिक्सेलची केली तर? लाल दिसत नाही, हिरवाही दिसत नाही. डोळा दोन्ही रंग कालवतो आणि मातकट पिवळसर रंग दिसतो.

पण आईच्या किंवा आजीच्या रेशमी साडीत असाच लाल ताणा आणि हिरवा बाणा असेल, तर ती मातकट दिसते का? मुळीच नाही. इकडून पाहिलं तर लाल झळकते, तिकडून पाहिलं तर हिरवी. या धूपछाव रंगासाठी पैठणी प्रसिद्ध आहे. कारण काय, तर रेशमाचा धागा गोल आणि चकचकीत असतो. उभा धागा एका दिशेला उजेड परतवतो, आडवा दुसऱ्या दिशेला. तुम्ही मान कलती केली की कधी याची चकाकी डोळ्यात येते, कधी त्याची. पडद्यावरच्या पिक्सेलला मात्र दिशाच नसते. मान कितीही हलवा, लाल तो लालच.

मग काय करायचं? सोंग आणायचं. चित्रात साडीच्या चुण्या काढा. मोठा मऊ ब्रश घ्या. चुणीच्या एका उतारावर लाल चढवा, दुसऱ्या उतारावर हिरवा, आणि माथ्यावर उजळ रेघ. वर गडद सावल्यांचा एक लेअर टाका, त्याचा मोड मल्टिप्लाय. पाहणाऱ्याच्या डोक्यातली साडी उरलेलं काम करते. चुण्यांबरोबर वीणही वाकायला हवी असेल तर वार्प हे हत्यार घेऊन कापड हळूच ओढा. (इंग्रजीत ताण्यालाही वार्पच म्हणतात.)

आणि आता जे सांगतो ते मुलांनो, घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.

तुम्ही दोन-तीन संध्याकाळी खपून जे केलंत, तेच बाजारात मोठ्या प्रमाणावर चालतं. पैठणीच्या पदराचं चित्र संगणकात घेतात, रंग साफ करतात, धाग्यांचा पोत चढवतात आणि ते स्वस्त कापडावर छापतात. छापलेली साडी छापलेली म्हणून विकली तर त्यात काहीच गैर नाही. अनेकींना ती परवडते, आवडते. गडबड होते ती छापलेली साडी विणलेली म्हणून गळ्यात मारली जाते तेव्हा. आणि मोबाईलच्या पडद्यावर फोटो बघून साडी मागवायची असेल तर ओळखणार तरी कसं? फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. कशा दिसतात, ते आता तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे!

ओळखायचं ते साडी हातात घेऊन, उलटी करून. येवल्यात किंवा पैठणला हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरात मोर, मुनिया किंवा आसावलीचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवरून येतो. विणकर त्या त्या रंगाचा धागा त्या त्या जागेपुरता नेतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. म्हणून पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते. यंत्रावर विणलेल्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. छापलेल्या साडीची मागची बाजू फिकी असते आणि भिंग लावलंत तर एकाच धाग्यावर दोन रंग सांडलेले सापडतात. शिवाय हातमागाच्या कापडावर सरकारची हातमागाची खूण असू शकते, २००६ पासून ती दिली जाते. एका पदराला कितीतरी दिवस मागावर बसावं लागतं, मोठ्या नक्षीच्या साडीला महिनेही लागतात. त्या विणकराचे पैसे भलत्यालाच मिळू नयेत, तर घरातल्या कुणीतरी साडी उलटी करून बघायला हवी. दुकानात आई लाजली तर तुम्ही बघा.

तुमच्या गिम्पमधल्या कापडाला मागची बाजूच नाही. म्हणून शाळेच्या प्रकल्पात ते लावताना खाली ‘संगणकावर काढलेला पोत’ असं लिहून टाका. आणि शेजारी खऱ्या कापडाचा एक तुकडा चिकटवा. शिंप्याकडे चिंध्या फुकट मिळतात. पाहणारा आपोआप दोन्हींवर बोट फिरवून बघतो, मजा येते.

जाता जाता एक कोडं

साटीनचं कापड पाहिलंय? रिबिनीचं असतं ते, गुळगुळीत आणि चमकदार. त्यावर ना बुद्धिबळाचा पट दिसतो, ना जीनसारखी तिरकी रेघ. त्याचा नमुना पाच घरांचा असतो. पाच आडवी, पाच उभी. प्रत्येक ओळीत एकच घर भरायचं आणि प्रत्येक स्तंभातही एकच. अट अशी की भरलेली कोणतीही दोन घरं कोपऱ्यालासुद्धा एकमेकांना चिकटता कामा नयेत. नमुना शेजारी शेजारी ठेवल्यावरही नाही. कोणती घरं भराल? आणि चार घरांच्या चौकोनात हे का जमत नाही? आधी वहीत करा, मग गिम्पमध्ये, आणि मगच खाली बघा.

उत्तर : पहिल्या ओळीत पहिलं घर, मग प्रत्येक ओळीला दोन घरं पुढे. म्हणजे १, ३, ५, २, ४. चार घरांत एक-एक घर सरकलात तर तिरकी रेघ होते, तीन-तीन सरकलात तरी उलटी तिरकी रेघच होते, आणि दोन-दोन सरकलात तर तिसऱ्या ओळीत पुन्हा पहिल्याच घरात येऊन पडता.